पॉलिसीवरची सही

मार्चचा तिसरा आठवडा आला, की आमच्या कंपनीच्या एच.आर. विभागाकडून गट आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा मेल येतो. गेली अठरा वर्षे मी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात काम करतो आहे आणि इतक्या वर्षांत त्या मेलला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिल्याचे मला आठवत नाही. माझे, पत्नीचे, दोन मुलांचे आणि आईचे नाव व जन्मतारखा बरोबर आहेत ना, एवढे पाहायचे आणि बटण दाबायचे. या वर्षी मात्र त्या तक्त्यात 'कर्मचाऱ्याचा हिस्सा' असा एक नवा रकाना होता. आतापर्यंत सगळा हप्ता कंपनी भरत होती. आता कर्मचाऱ्याचा स्वतःचा विमा तेवढा कंपनीच्या खर्चाने राहील, पत्नी व मुलांसाठी दरमहा २,३०० रुपये आणि आईसाठी दरमहा १,७०० रुपये पगारातून कापले जातील, ज्यांना हे नको असेल त्यांनी दहा दिवसांत तसे कळवावे आणि एकदा कमी केलेले नाव वर्ष संपेपर्यंत पुन्हा घेता येणार नाही, असे त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते.

वर्षाचे ४८,००० रुपये होत होते. संध्याकाळच्या बसमध्ये राऊचा थांबा येईपर्यंत त्याच विषयावर बोलणे चालले होते. आमच्या विभागातल्या दोघातिघांनी तर 'आता बाहेरच घेतो, स्वस्त पडतो' असे ठरवूनही टाकले होते. इंदूरच्या सुदामानगरात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक परिचित विम्याचे काम करतात. त्यांना त्याच रात्री फोन केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणून दिला. मी ४६ वर्षांचा, पत्नी ४३ ची, मुलगा १७ आणि मुलगी १२ वर्षांची, अशा चौघांसाठी पाच लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम, वर्षाचा हप्ता २१,८०० रुपये. पत्नी व मुलांसाठी कंपनी जे २७,६०० रुपये कापणार होती, त्याहून हे ५,८०० रुपयांनी कमी होते आणि त्यात मीसुद्धा धरलेला होतो. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, गट विम्यावरचा मात्र कायम राहिला. या तफावतीतला काही भाग त्याचाही असणार. पत्नीने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, "अहो, मग एवढा विचार कसला करताय?"

विचार करण्याचे कारण आमच्याच घरातल्या एका फाइलमध्ये होते. मागच्या वर्षी पत्नीच्या पित्ताशयाचे खडे दुर्बिणीने काढले, तेव्हाच्या हॉस्पिटलच्या बिलाची ती फाइल. त्या रात्री मी ती पुन्हा काढली आणि प्रथमच ओळीने वाचली. एकूण बिल १,४८,००० रुपयांचे होते. खोलीचे भाडे तीन दिवसांचे २४,००० रुपये; सर्जन, भूल देणारे डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून ८४,०००; औषधे व साहित्य २८,०००; तपासण्या १२,०००. कंपनीच्या गट विम्यात खोलीच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये होती. आम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली, कारण त्या दिवशी तीच मोकळी होती आणि काउंटरवरच्या मुलीने सांगितले, की वरचा फरक तेवढा तुम्ही भरायचा. मी मनात हिशेब केला, तीन दिवसांचे नऊ हजार. डिस्चार्जच्या वेळी मात्र माझ्या हाती ४५,१०० रुपयांची पावती आली.

हा फरक कुठून आला, हे मला त्या वेळी कळले नव्हते. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरची फी, थिएटरचे भाडे आणि नर्सिंग हे सगळे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. म्हणून मर्यादेबाहेरची खोली घेतली, की विमा कंपनी केवळ खोलीचे भाडे कापत नाही, खोलीशी जोडलेला प्रत्येक खर्च त्याच प्रमाणात कापते. आमच्या बाबतीत ते प्रमाण आठाला पाच होते. ८४,००० रुपयांपैकी ५२,५०० मंजूर झाले आणि ३१,५०० आमच्या अंगावर आले. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, त्यामुळे तिथे फक्त हातमोजे वगैरे, ज्यांचे पैसे विम्यात मिळत नाहीत अशा वस्तूंचे ४,६०० रुपये गेले. मी रागाने तक्रार लिहायला बसलो होतो. विमा कंपनीने दाद दिली नाही तर मध्य प्रदेशासाठी भोपाळला विमा लोकपालांचे कार्यालय आहे, हेही शोधून ठेवले होते. पण अटी वाचल्यावर लक्षात आले, की कपात नियमाला धरून होती. चूक एवढीच झाली होती, की माझ्या कुटुंबाला लागू असलेली अट मी कधी वाचलेली नव्हती, आणि ती वाचायला द्यावी असे कोणाला वाटलेही नव्हते. माझ्याकडे होते ते विम्याचे एक ई-कार्ड आणि टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा, टोल फ्री नंबर.

तिथून माझा विचार हप्त्यावरून सरकून दुसरीकडे गेला. गट विम्याचा करार माझी कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला असतो. मूळ पॉलिसी, जिला मास्टर पॉलिसी म्हणतात, ती एच.आर.च्या कपाटात असते. तिच्यावर माझी सही नसते. म्हणून खोलीची मर्यादा किती, आईच्या क्लेममध्ये आमचा वाटा किती टक्के, प्रसूतीचा खर्च मिळणार की नाही, पुढच्या वर्षी हीच विमा कंपनी राहणार की बदलणार, यांतले काहीही माझ्या हातात नाही. गटाने वर्षभरात जास्त क्लेम केले, तर पुढच्या वर्षी सगळ्या गटाचा हप्ता वाढतो. आमच्याकडे या वर्षी 'हिस्सा' आला, त्याचे कारणही एच.आर.ने तेच सांगितले. वैयक्तिक पॉलिसीत हप्ता वयाप्रमाणे आणि सगळ्यांसाठी मिळून वाढतो. मी एका वर्षी मोठा क्लेम केला म्हणून पुढच्या वर्षी माझ्या एकट्याचा हप्ता वाढवता येत नाही किंवा त्या कारणाने नूतनीकरण नाकारताही येत नाही, आणि हप्ता वेळेवर भरत राहिलो तर ती जन्मभर चालू ठेवता येते.

नोकरीला बांधलेला विमा म्हणजे काय, हे आमच्या घराने एकदा पाहिलेले आहे. माझे वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. त्या वेळी पगारातून ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, हप्ता कापला जाई आणि घरात कोणी आजारी पडले, की नंदानगरच्या बीमा अस्पतालात जायचे. विम्याला आमच्या घरात 'बीमा'च म्हणत, अजूनही आई तसेच म्हणते. तिच्या दृष्टीने बीमा म्हणजे रांगेत उभे राहून मिळणारी लाल औषधाची बाटली आणि पैसे न मागणारा डॉक्टर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली, हप्ता थांबला आणि काही महिन्यांनी ते कार्डही थांबले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडिलांना दम्याचा त्रास होता आणि त्यानंतरचे इनहेलर आईने शिवणकामाच्या पैशांतून आणले. मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये मोकळे झाले, तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. वारस म्हणून कागदांवर आईने सह्या केल्या. मी मिलची आणि माझ्या कारखान्याची तुलना करत नाही. पण पगार थांबला की उपचारही थांबतो, ही जोडणी ईएसआयच्या कार्डात होती आणि माझ्या ई-कार्डातही ती तशीच आहे.

दूर कशाला जायचे, माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, त्याचेच उदाहरण आहे. त्याच औद्योगिक पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात तो होता. दोन वर्षांपूर्वी तिथली एक लाइन बंद झाली आणि चौपन्नाव्या वर्षी त्याला घरी बसावे लागले. शेवटच्या दिवशी त्याने ओळखपत्र, लॉकरची चावी आणि सेफ्टी शूजची जोडी परत केली. विमाही त्याच दिवशी संपला, हे त्याला तीन आठवड्यांनी वहिनींच्या डोळ्याच्या तपासणीच्या वेळी कळले. गटातून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि गटात काढलेल्या वर्षांचे श्रेय प्रतीक्षाकाळात, म्हणजे काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावे लागते त्या काळात, धरले जाते, ही सोय नियमांत आहे. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो, हे त्याला तिथल्या कोणी सांगितले नाही. अण्णाला दहा वर्षांपासून मधुमेह. नव्याने अर्ज केला तेव्हा एका ठिकाणी नकार आला आणि दुसऱ्या ठिकाणी मिळालेल्या पॉलिसीत मधुमेहासाठी तीन वर्षे थांबायचे होते. निरोगी असताना आणि पगार चालू असताना हीच पॉलिसी घेतली असती, तर ही थांबायची वर्षे सहज भरून निघाली असती, असे तो मला म्हणाला. तक्रारीचा सूर त्यात नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणे माझ्या मनातून जात नाही.

प्रतीक्षाकाळ हा या तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा आणि हप्त्याच्या आकड्यात अजिबात न दिसणारा भाग आहे. वैयक्तिक पॉलिसी घेतली, की अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूतखडे, गुडघे बदलणे अशा ठरावीक उपचारांसाठी माझ्या हातातल्या कागदात २४ महिने लिहिले होते. आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येते. २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. आमच्या घरापुरते बोलायचे, तर माझा चार वर्षांचा रक्तदाब आणि पत्नीचा थायरॉइड, दोन्ही या ३६ महिन्यांत अडकतात. कंपनीच्या गट विम्यात मात्र पहिल्या दिवसापासून सगळे धरलेले आहे, कोणाची तपासणी नाही, कोणाला नकार नाही. आमच्या विभागातले जे सहकारी ५,८०० रुपये वाचले म्हणून गटातून बायकामुलांची नावे काढत होते, ते खरे तर तीन वर्षांचे संरक्षण सोडून देत होते. बसमध्ये मी हे सांगितले तेव्हा दोघांनी मेल पुन्हा उघडून पाहिला.

आईचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. ती ७१ वर्षांची, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. तिच्यासाठी बाहेर वर्षाचे ४४,००० रुपये सांगितले, शिवाय प्रत्येक क्लेममध्ये २० टक्के आमचा वाटा आणि आजारांना तीन वर्षांची वाट. कंपनीत तिच्यासाठी २०,४०० रुपये आणि पहिल्या दिवसापासून संरक्षण. इथे गट विमा स्वस्त आहे आणि चांगलाही आहे. साठीच्या पुढच्या आईवडिलांना घेऊन असलेल्या नोकरदाराने हा भाग सोडू नये, असे मला मनापासून वाटते. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि खासगी विमा असला तरी ते कार्ड काढता येते. आईचे कार्ड आम्ही काढले होतेच. माझी नोकरी गेली तरी आईच्या हातात तेवढे एक कार्ड राहील, याचा मला मोठा आधार वाटतो.

राहिलो आम्ही चौघे. पत्नीने पेन्सिलने वहीत मांडले. कंपनीचे ४८,००० आणि बाहेरचे २१,८०० मिळून ६९,८०० रुपये. महिन्याला सुमारे ५,८००. नव्या करप्रणालीत असल्यामुळे आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची करवजावटही आम्हाला नाही. ही रक्कम आमच्यासारख्या घरात सहज निघत नाही. तरी मी दोन्ही ठेवावे असे म्हटले, तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "दोन्ही किती वर्षं?" मी म्हटले, तीन. तीन वर्षांत बाहेरची पॉलिसी मुरेल, माझा रक्तदाब आणि तुझा थायरॉइड दोन्ही त्यात येतील, आणि तोवर काही झालेच तर कंपनीचे छत्र आहे. त्यानंतर गटातून तुझे आणि मुलांचे नाव काढता येईल, किंवा पाच लाखांच्या वरच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप जोडता येईल. मी ४९ वर्षांचा असेन आणि उद्या कारखान्याने मला घरी बसवले, तरी अण्णासारखे पहिल्या दिवसापासून मोजायला लागणार नाही. मुलाला बारावीनंतर दुचाकी द्यायचे कबूल केले होते. ते एक वर्ष पुढे ढकलावे असे तिनेच सुचवले आणि त्याला सांगायचे कामही तिनेच घेतले.

रविवारी सकाळी आमचे परिचित फॉर्म घेऊन आले. पोहे झाले, चहा झाला आणि डायनिंग टेबलावर प्रस्तावाचे पान उलगडले. आजारांच्या रकान्याशी त्यांचे पेन थांबले. "भाऊ, बीपीचं लिहू नका. एक गोळी तर घेता. उगाच हप्ता वाढेल आणि मेडिकल मागे लागेल." माणूस वाईट नाही; वर्षानुवर्षे लोकांचे हित पाहत आला आहे आणि त्याच्या अनुभवात अशा लपवलेल्या गोळ्यांचे काही झाले नसेलही. पण हॉस्पिटलमध्ये दाखल करताना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो जुन्या आजारांचा, आणि उत्तर केस पेपरवर लिहिले जाते. 'रक्तदाब चार वर्षांपासून' अशी ओळ तिथे असली आणि प्रस्तावात नसली, की क्लेम नाकारायला तेवढे पुरते. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय असा आक्षेप घेता येत नाही, हे खरे. पण त्या पाच वर्षांची खात्री कोण देणार? पत्नी आत गेली, माझ्या गोळ्यांची स्ट्रिप आणि तिची थायरॉइडची बाटली दोन्ही घेऊन आली आणि नावे, मिलिग्रॅम, कधीपासून, हे सगळे तिने स्वतः वाचून दाखवले. मी लिहिले. ज्या कागदावर प्रथमच माझी सही होणार होती, त्यावर खोटे लिहायची माझी इच्छा नव्हती.

मंगळवारी सकाळी सात वाजता रक्त घ्यायला लॅबचा मुलगा आला, ईसीजी झाला. त्या दिवशी कंपनीची बस मी सोडली. नवव्या दिवशी विमा कंपनीचा मेल आला: रक्तदाबामुळे हप्ता २,६०० रुपयांनी वाढेल, म्हणजे २४,४०० होईल, मान्य असल्यास संमती द्यावी. ३६ महिन्यांची अट होतीच. आमच्या परिचितांनी फोनवर "मी म्हटलं होतं ना" असे हळहळून म्हटले. मी संमतीच्या पानावर सही करून पाठवली आणि दुपारच्या सुट्टीत पैसे भरले. एच.आर.च्या मेललाही त्याच दिवशी उत्तर दिले, पाचही नावे तशीच ठेवा म्हणून, आणि सोबत विनंती केली, की या वर्षी मास्टर पॉलिसीच्या अटींची प्रत सर्व कर्मचाऱ्यांना पाठवावी आणि नोकरी सोडणाऱ्याला वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मुदत लेखी कळवावी. पहिल्या मागणीला होकार आला आहे. दुसरीचे उत्तर अजून यायचे आहे. मी पुन्हा लिहिणार आहे.

पॉलिसी आली ती छत्तीस पानांची. पसंत न पडल्यास परत करायला ३० दिवस असतात, तोवर ती पूर्ण वाचायची असे आम्ही ठरवले आहे. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून तिची छापील प्रत काढून आणली. रात्री जेवणे आवरल्यावर पत्नी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसली, पहिली आठ पाने उलटून थेट खोलीच्या भाड्याच्या ओळीपाशी गेली आणि ती ओळ तिने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.